बँडची तीन गाणी: सरावाच्या खोलीपासून प्रदर्शनापर्यंतच्या कामाच्या नोंदी

प्रकल्प असा होता: एक बँड निवडा, त्यांची गाणी रेकॉर्ड करा, प्रदर्शित करा, लोकांपर्यंत पोहोचवा आणि सत्र संपताना सगळ्याचा हिशोब द्या. आम्ही तिघं. माझ्याकडे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवणं), एकाकडे वेळापत्रक आणि पैसे, तिसरीकडे प्रसिद्धी आणि व्हिडिओ. बँड चौघांचा: ड्रम, बेस, गिटार, गायिका. नोंदी त्या त्या वेळी लिहिलेल्या आहेत, नंतर जोडलेलं कंसात दिलंय. हेच काम अंगावर घेणाऱ्यांनी निदान आमच्या चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे मांडतोय.

९ जानेवारी

बँडला पाच गाणी करायची होती. सरावाच्या वेळी सगळी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकली आणि तिनावर आलो. पाचव्याला अजून शेवटच सापडलेला नाही आणि चौथ्याचे शब्द गायिका दर वेळी वेगळे म्हणते. गाणं स्टुडिओत बसून पुरं करायचं तर घड्याळ चालू असतं, आणि त्या घड्याळाचे पैसे आमच्याकडे नाहीत.

तीन गाण्यांची लय टॅप करून मोजली. पहिलं मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू होऊन शेवटच्या मुखड्यात १०४ वर जातं. ड्रमरला दाखवल्यावर तो म्हणाला, "पळत नाहीये मी. गाणंच चढतं तिथे." त्याचं अगदीच चूक नाही. चारनं चढलं तर जोर वाटतो, आठनं चढलं की घाई.

दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यात गायिकेचा गळा ताणला जातो. अर्धा स्वर खाली घेऊन बघितलं तर लगेच मोकळी झाली. गिटारवाला कुरकुरला, कारण मोकळ्या तारांचे कॉर्ड जातात. मग गिटार आणि बेस दोन्ही अर्धा स्वर उतरवून लावले, बोटं होती तिथेच राहिली. आज हे पाच मिनिटांत झालं. रेकॉर्डिंग झाल्यावर हेच करायचं म्हणजे गिटार, बेस सगळं पुन्हा वाजवावं लागलं असतं.

१४ जानेवारी

गाणं कोणाचं, यावर अख्खी संध्याकाळ गेली. चाल गिटारवाल्याची, शब्द गायिकेचे, इथपर्यंत सगळे एकमत. मग बेसवाला म्हणाला, पहिल्या गाण्याची ओळख ज्या तुकड्यानं होते तो माझा आहे. ड्रमर गप्प बसला, आणि त्याचं गप्प बसणं बोलण्यापेक्षा जड होतं.

इथे दोन हक्क वेगवेगळे धरावे लागतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तेच गाणं उद्या दुसऱ्या कोणी गायलं तर रचनेचे पैसे मूळ रचनाकारांना जातात, आमच्या रेकॉर्डिंगच्या मालकाला त्यातलं काही मिळत नाही. हा फरक फळ्यावर काढून दाखवल्यावर वाद निम्मा निवळला. रचनेचे वाटे प्रत्येक गाण्यागणिक टक्क्यांत लिहिले, ध्वनिमुद्रण चौघांच्या समान मालकीचं ठेवलं. आम्हा तिघांना श्रेय आणि आपल्या कामात गाणी दाखवायची मुभा. एका पानावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

(या पानाची खरी किंमत एप्रिलमध्ये कळली. वितरकाच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, वाटे सगळं विचारतात, आणि तेव्हा आम्हाला फक्त कागद समोर ठेवून टाइप करायचं होतं.)

२१ जानेवारी

ड्रमरनं आजवर क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या ठोक्यांवर, वाजवलेलं नाही. टिक-टिक कानात आली की तो तिच्या मागे धावतो, मग पुढे जातो, मग हात आखडतात. दोन गोष्टींनी फरक पडला. कोरड्या टिक्‌ऐवजी शेकरचा आवाज दिला, ठोक्यांच्या मधल्या जागीही वाजणारा. दोन ठोक्यांमधली जागा भरली की तोल सांभाळायला सोपं जातं. आणि पहिल्या गाण्याला एकच लय न लावता नकाशा केला: अंतऱ्याला ९६, मुखड्याला ९८, शेवटच्या मुखड्याला १००. गाणं चढतं ते चढू दिलं, पण किती चढायचं ते आपण ठरवलं.

तिसरं गाणं क्लिकशिवायच घ्यायचं. ते श्वासावर चालतं, क्लिक लावली की मरतं. ड्रम, बेस, गिटार एकत्र बसून वाजवतील. त्यात कट-जोड जवळपास अशक्य होणार, हे तिघांना आधी सांगून ठेवलंय.

४ फेब्रुवारी: ड्रमचा दिवस

बजेटचा निम्म्याहून अधिक भाग या एका दिवसावर लावला, आणि तो निर्णय बरोबर होता. बेस, गिटार, गळा साध्या खोलीत जमतं. ड्रमना उंच छत, चांगली खोली आणि आठ माइक लागतात.

दुपारपर्यंत एकही टेक (रेकॉर्डिंगची एक खेप) झाला नाही. ड्रमची कातडी सकाळी बदलली, आणि नवीन कातडं ताणलं की थोड्या वेळानं सैल पडतं, पुन्हा लावावं लागतं. हे आदल्या दिवशी उरकायला हवं होतं. किकचं, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल करकरत होतं. वाजताना ते कोणाच्या लक्षात येत नाही, माइकला मात्र सगळं ऐकू येतं.

ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेले, माइक डोळ्यांच्या अंदाजानं लावले होते. हेडफोनमध्ये छान रुंद वाटलं, मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐकल्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, पातळ झाला. टेप घेऊन मोजलं तर एक माइक स्नेअरपासून दुसऱ्यापेक्षा १७ सेंटीमीटर लांब. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे हा फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा. दोन्ही माइक एकत्र आले की १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खोडतो, आणि स्नेअरचा जीव बराचसा तिथेच असतो. दोरीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरून दोन्ही माइक समान अंतरावर आणले. जे पुढे कुठल्याही इक्वलायझरनं परत आलं नसतं ते दोरीनं दहा मिनिटांत आलं. किकच्या माइकचं फेज बटण (ध्वनिलहर उलटी करणारं) दाबूनही ऐकलं आणि ज्या बाजूला खर्ज भरीव झाला ती ठेवली.

लेव्हल: ड्रमर तपासणीच्या वेळी वाजवतो त्याहून टेकमध्ये हमखास जोरात मारतो. म्हणून सर्वात मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फुटतो) राहील एवढाच गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, ठेवला. २४ बिटवर रेकॉर्ड करताना सुई वरपर्यंत नेण्याची गरजच नसते. जागा मुबलक असते, फुटलेला आवाज मात्र कायमचा फुटलेला राहतो.

गाण्यांचा क्रम फसला. क्लिकशिवायचं तिसरं गाणं शेवटी ठेवलं, कारण ते 'मोकळं' वाटत होतं. प्रत्यक्षात त्यालाच सर्वात जास्त एकाग्रता लागते, आणि ते वाजवायला बसले तेव्हा ड्रमरचे हात गेले होते. ज्या गाण्यात जोडकाम करता येणार नाही ते दुपारच्या आत घ्या.

६ फेब्रुवारी

घरी येऊन फाइली उघडल्या, बेसवाला वाजवायला बसला आणि काही केल्या सूर लागेना. एक पडदा खाली घेतला तरी जुळेना, दोन घेतले तरी जुळेना. त्याला वाटलं स्टुडिओत गिटार चुकीचं लागलं होतं. गिटारवाला भडकला.

कारण भलतंच निघालं. स्टुडिओतली फाइल ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने), घरचं प्रोजेक्ट ४४.१चं, आणि आत आणताना रूपांतर झालंच नाही. नमुने तेवढेच, पण हळू वाचले जात होते. त्यामुळे गाणं सुमारे ८ टक्के संथ झालं आणि सूर साधारण दीड स्वरार्ध खाली गेला, बरोबर दोन पडद्यांच्या मधोमध. म्हणूनच बेसवर तो कुठेच सापडत नव्हता. प्रोजेक्ट ४८वर नेलं आणि सगळं जागेवर आलं.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एका चिठ्ठीवर लिहून घ्यावं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओ जोडायचा असेल तर ४८च सोयीचं, कॅमेरेही तेच वापरतात.

१३ फेब्रुवारी

बेस थेट डीआय बॉक्समधून (माइकशिवाय वाद्याचा सिग्नल घेणारी पेटी) घेतला. नव्या तारा, आणि दर टेकच्या आधी ट्यूनर. बेसवाल्याला याचा वैताग आला. मग मी एक टेक सूर न लावता घेऊन त्याला ऐकवला, पुढे काही बोलावं लागलं नाही.

गिटार अँप्लिफायरवर माइक लावून घेतलं, आणि त्याच वेळी कोरडा, म्हणजे अँप्लिफायरमध्ये जाण्याआधीचा, सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर. आज हे जास्तीचं वाटतंय. (मार्चमध्ये दुसऱ्या गाण्याचा गिटार फारच मातकट निघाला. कोरडा सिग्नल पुन्हा अँप्लिफायरमधून सोडून नव्यानं रेकॉर्ड केला. गिटारवाल्याला बोलवावंही लागलं नाही.)

आजपासून एक वाक्य बंद केलंय: "मिक्समध्ये बघू." दिवसभरात ते प्रत्येकानं म्हटलं, मी सगळ्यात जास्त. दोन कॉर्डमध्ये निवड होत नाही? दोन्ही रेकॉर्ड करू, मिक्समध्ये बघू. शेवटचा सूर किती लांब? मिक्समध्ये बघू. संध्याकाळी एका गाण्याच्या फोल्डरमध्ये गिटारचे इतके पर्याय साठले की कोणता कशासाठी वाजवला हेच कोणाला आठवेना. पुढच्या वेळी निवड त्याच खोलीत, वाजवणारा समोर असताना करायची. उरलेले टेक वेगळ्या फोल्डरात, डोळ्यांआड.

१ मार्च: गळा

छोटी खोली, समोरासमोर उघड्या भिंती. पहिल्या तपासणीतच डब्यात गायल्यासारखं ऐकू आलं. आम्ही माइकच्या मागे जाड पांघरुणं टांगली होती, आणि फरक जवळजवळ शून्य. हा माइक कार्डिऑइड आहे, मागचं त्याला तसंही कमी ऐकू येतं. तो बघतो गायिकेकडे, म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे. पांघरुणं उचलून तिच्या पाठीमागे आणि बाजूंना लावली. पाच मिनिटांचं काम, आणि खोली गायबच झाली.

दुसरी अडचण उमगायला वेळ लागला. एरवी लयीला पक्की असलेली गायिका सतत मागे पडत होती. तिला चारदा "जरा पुढे" सांगून झालं, ती हिरमुसली. दोष तिचा नव्हताच. कॉम्प्युटरचा बफर, म्हणजे आवाज पुढे देण्याआधी तो जेवढे नमुने साठवतो तो साठा, १०२४ नमुन्यांवर राहिला होता. ४८ किलोहर्ट्झवर त्याचे एका बाजूनं २१ मिलिसेकंद होतात, येण्याजाण्याचे धरले तर चाळिशीच्या पुढे. तिला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत होता आणि ती त्याच्याशी जुळवून घेत होती. बफर १२८ वर आणला, तिचा आवाज इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) थेट हेडफोनला दिला, आणि पुढच्याच टेकला ती नेहमीसारखी गायली. गायक मागे पडत असेल तर आधी मशिन तपासा, मग माणसाला बोला.

हेडफोनचंही एक. तिच्या कानात तिचाच आवाज मोठा होता, त्यामुळे ती जोर कमी लावायची आणि सूर उतरायचा. तो कमी केला, गिटार वाढवलं, एक कान मोकळा ठेवायला सांगितलं. मोकळ्या कानाकडचा हेडफोन मात्र बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते. तिसऱ्या गाण्याला क्लिक नाही म्हणून हुश्श केलं होतं, पण पहिल्याच्या शेवटच्या लांब सुरात ती ऐकू आली. क्लिक शेवटच्या मात्रेनंतर बंद होईल असं करून तो सूर पुन्हा घेतला.

टेक निवडायला गायिकेला शेजारी बसवलं. शब्दांचा कागद छापून प्रत्येक ओळीपुढे टेकचा आकडा लिहीत गेलो. दुसऱ्या गाण्यात जवळजवळ सगळ्या ओळी पहिल्या दोन टेकमधल्याच निघाल्या. पुढचे सुबक होते, पण त्यात तिला शब्दांचं काही वाटत नव्हतं.

१४ मार्च

सर्वात जास्त वेळ मिक्समध्ये गेला, आणि त्यातला ऐकण्या-सुधारण्यात फारच थोडा.

पहिला मिक्स ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत आलेल्या सूचना: ड्रम वाढव. ड्रम जरा टोचतात. गळा पुढे आण. गळा बँडच्या आत बसव. "काहीतरी मिसिंग आहे." शेवटची सूचना कोणाची होती ते लिहीत नाही. मी सगळ्यांचं ऐकून दुसरा मिक्स केला, तो कोणालाच आवडला नाही, मलाही नाही. तिसऱ्यात पहिल्याकडे परत गेलो, तर "आधीचा बरा होता" म्हणणाऱ्यांना नेमका कोणता आधीचा, हे सांगता येईना. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवा', 'खरा फायनल' अशी झाली होती.

वेळापत्रक सांभाळणाऱ्यानं शेवटी हस्तक्षेप केला. त्यानं घातलेले नियम: बँडच्या वतीनं एकच माणूस बोलेल, त्यांनी गिटारवाला निवडला. चौघं आधी आपसात बसून एकच यादी करतील. प्रत्येक सूचनेला गाण्यातली वेळ हवी, '१:४२ला स्नेअर' अशी. फेऱ्या दोनच. आणि फाइलीच्या नावात फक्त आकडा. पुढचं गाणं याच पद्धतीनं झालं आणि दोन फेऱ्या पुरल्या. आधीचा मिक्स करताना माझा कान तोच होता, यंत्रही तेच.

१९ मार्च

बेस मोबाइलवर नाहीसा होतो. पहिल्या गाण्यात बेसची सर्वात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तेवढा खर्ज निघतच नाही. तिथला आवाज वाढवण्यात मी बराच वेळ घालवला. त्यानं मोठ्या स्पीकरवर भिंती हलल्या, मोबाइलवर काही फरक नाही. उपाय उलट दिशेचा होता: बेसची एक प्रत करून तिला हलकं डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे ८२, १२३ आणि त्यावरचे उपस्वर ठळक झाले. वरचे स्वर ऐकू आले की खालचा मेंदूच भरून काढतो. खर्ज मोबाइलमधून निघाला नाही, पण बेसची चाल कळू लागली.

दुहेरी गिटार रुंद करायला एक प्लगइन लावलं होतं. मोनोत ऐकलं तर गिटार अर्धं गेलं. प्लगइन काढलं, गिटार खरोखर दोनदा वाजवलेलं होतंच, ते डावीकडे-उजवीकडे ठेवलं. पुरेसं रुंद झालं.

रात्री उशिरा मोठ्या आवाजात केलेला मिक्स सकाळी नेहमी कोता वाटतो. आवाज मोठा असला की खर्ज आणि टीप कानाला जास्त भरीव वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलंय, मला ते पुन्हा सिद्ध करायची गरज नव्हती. आता बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर मिक्स करतो, मोठ्यानं फक्त अधूनमधून तपासतो.

२७ मार्च: मास्टर

मास्टर म्हणजे प्रदर्शनासाठीची शेवटची फाइल. बँडला ती त्यांच्या आवडत्या रेकॉर्डइतकी मोठ्या आवाजाची हवी होती. तसं करून दिलं: उणे ८ एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं ऐकू येतं त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). सगळे खूश. मग स्ट्रीमिंगवर काय होतं ते ऐकवलं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४च्या पातळीला आणतं, अ‍ॅपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६च्या आसपास. म्हणजे आमचं गाणं स्पॉटिफायवर ६ डेसिबलनं खाली ओढलं जाणार. मी हा आणि एक कमी दाबलेला असे दोन मास्टर एकाच पातळीवर आणून, कोणता कुठला न सांगता वाजवले. चौघांनीही कमी दाबलेला निवडला. त्यात स्नेअर अजून उसळत होता.

हीच फसगत माझी आठवडाभर होत होती. मी काहीही केलं तरी 'सुधारलेलं' वाटायचं, कारण दर वेळी ते थोडं मोठं झालेलं असायचं. तुलना करायची तर पातळी सारखी करून.

उणे १४चं लक्ष्य मात्र आम्ही धरलं नाही. तिन्ही गाणी उणे १०-११च्या दरम्यान चांगली वाटली, तिथेच सोडली. शिखर उणे १ डेसिबल, म्हणजे फाइल दाबली जाताना फुटायला नको.

३ एप्रिल: वितरण

आजपर्यंत प्रसिद्धीचं काम 'रेकॉर्डिंग झाल्यावर' या रकान्यात होतं. आता ते एकदम अंगावर आलंय.

मुखपृष्ठ परत आलं. चौकोनी हवं, ३००० बाय ३००० पिक्सेल, ते होतं. पण कोपऱ्यात बँडचं सोशल मीडियावरचं हँडल घातलं होतं, ते चालत नाही. पत्ते, किमती, 'आता ऐका' असलं काही नको. चित्र करणाऱ्या मित्रानं थरांची मूळ फाइल ठेवली नव्हती, त्यामुळे पुसणं म्हणजे अर्धं चित्र नव्यानं काढणं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. पुढे वितरक बदलला किंवा फाइल पुन्हा चढवली तरी तोच द्यायचा, नाहीतर आधी मोजले गेलेले ऐकणारे वेगळ्या खात्यावर राहतात.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रदर्शनाआधीच सुचवता येतं, आणि एका वेळी एकच. निदान ७ दिवस आधी सुचवलं तर ते अनुयायांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, जातं. तारीख २६ एप्रिल धरली. तिघांत सर्वात वैतागलेली प्रसिद्धीवाली: "मला हे जानेवारीत सांगितलं असतं तर मी जानेवारीत विचारलं असतं."

११ एप्रिल

क्लिपांसाठी व्हिडिओ शोधतोय. ड्रमच्या दिवशी बरंच शूटिंग केलं होतं, सगळं आडवं. मोबाइलवर चालतं ते उभं, १०८० बाय १९२०. आडव्याचं उभं कापलं की ड्रमर उरतो आणि त्याचे हात जातात, आणि बघायचे असतात ते हातच. बँडला पुन्हा बोलावून वाजवायचं नाटक करून पाहिलं. नाटकच दिसलं, टाकून दिलं.

गळ्याच्या दिवशी मात्र बेसवाल्यानं गंमत म्हणून मोबाइल खिडकीत उभा टेकवून ठेवला होता. गायिका पांघरुणांच्या मध्ये उभी राहून गातेय, मध्येच हसते, पुन्हा सुरू करते. तेच वापरतोय.

पहिल्या गाण्याची सुरुवात ४० सेकंदांची आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरली जाते, आणि आमच्या गाण्यात तोपर्यंत गळा लागतच नाही. कापायची का, यावर जुंपली. गिटारवाला ठाम नाही म्हणाला. गाणं तसंच ठेवलं, क्लिप मुखड्यापासून सुरू केली. माझ्या मते बरोबरच झालं, पण प्रसिद्धीवाली अजून नाराज आहे आणि तिचंही म्हणणं खोडता येत नाही.

३० एप्रिल

२६ला गाणी आली. दुसरं गाणं एका प्लॅटफॉर्मवर त्याच नावाच्या भलत्याच बँडच्या पानावर जाऊन बसलं. दुरुस्तीची विनंती केली, ती होईपर्यंत पहिला आठवडा, म्हणजे आमच्या सगळ्या धावपळीचा आठवडा, वाया गेला. बँडचं नाव आधी कुठे वापरलंय का, हे जानेवारीत शोधायचं काम.

पैसे देऊन लावलेल्या जाहिरातीतून लोक आले, काही सेकंद थांबले, गेले. 'ठरावीक आकडा मिळवून देऊ' म्हणणाऱ्यांचे संदेश रोज येतात. बँडमधल्या एकाचं मन डळमळलं होतं. नको म्हटलं, कारण कृत्रिम स्ट्रीम पकडल्या गेल्या की गाणंच काढून टाकलं जाऊ शकतं, आणि २०२४ पासून स्पॉटिफाय अशा गाण्यांमागे वितरकाकडून दंडही घेतं. तो शेवटी कोणाच्या खिशातून जाणार हे उघड आहे.

खिडकीतली क्लिप चालली. त्याहून जास्त चाललं ते प्रत्यक्ष वाजवणं: कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याआधी गायिकेनं थांबून क्यूआर कोडकडे बोट दाखवलं, आणि त्या रात्री गाण्यांपर्यंत जितके जण आले तितके जाहिरातीनं आठवडाभरात आणले नव्हते. कोड आधी दाराशी लावला होता. तिथे तो कोणी बघितलाही नाही.

कमाईचा रकाना रिकामा आहे आणि अहवालात तसाच जाईल. मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही. तिन्हींतलं एकच त्या दिशेनं चाललंय.

४ मे: हस्तांतर

बँडला द्यायच्या गोष्टी: प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. गळ्याशिवायचा मिक्स, जो कार्यक्रमातही लागतो आणि व्हिडिओलाही. मास्टर, नव्या मुखपृष्ठाच्या थरांची फाइल, सह्यांचं पान, आयएसआरसीची यादी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो, त्यामुळे सगळे टेक धरून डिस्क भरते. नाकारलेले टेक दिले नाहीत, तिसऱ्या गाण्याचे सोडून. दोन प्रती दोन वेगळ्या घरी, एक क्लाउडवर.

वितरकाचं खातं आमच्यापैकी एकाच्या ईमेलवर होतं, आणि पडताळणीचा कोड त्याच्याच फोनवर येतो. बँडच्या नावानं नवा ईमेल काढून खातं त्यावर नेलं, फोन नंबर गायिकेचा दिला. वर्गणी वार्षिक आहे. ती भरली नाही तर गाणी खाली उतरतात. भरण्याची जबाबदारी बेसवाल्यानं घेतली आहे, आणि त्याच्या फोनमध्ये पुढच्या मार्चची आठवण आम्ही आमच्या हातानं लावून दिली.